कामाचे स्थान आणि वास्तव्याचे स्थान : आपटा गावापासून परदेशापर्यंतच्या प्रवेश-नियमांचा विचार

रायगड, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल लोकांची आडनावे चाळली, तर किनाऱ्यावरील व खाड्यांकाठच्या गावांची एक यादीच तयार होते. किहीमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, अष्टमकर, नवगावकर. आणि याच मालिकेत आपटेकर. या शेवटच्या नावामागे पनवेल तालुक्यातील, पाताळगंगेच्या काठचे आपटा हे गाव आहे. केवळ आडनावावरून कोणत्याही एका घराण्याची वंशावळ सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि या नावांच्या घडणीत एक गोष्ट उघड दिसते. माणूस गाव सोडून मुंबईस, कराचीस किंवा एडनला गेला म्हणजे गाव त्याच्या नावाला येऊन चिकटते. गावातच राहणाऱ्याला गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नसते. ‘आपटेकर’ हे नाव मुळात आपट्याबाहेर राहणाऱ्या माणसाचे नाव आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय अशाच, बाहेर राहणाऱ्या माणसाचा आहे. परंतु तो पाहावयाचा आहे तो प्रवेश-नियमांच्या बाजूने. २०२० नंतर अनेक राष्ट्रांनी एका नव्या प्रकारच्या माणसासाठी व्हिसाचे स्वतंत्र प्रवर्ग निर्माण केले. हा माणूस राहतो एका देशात, आणि संगणकाच्या साहाय्याने काम करतो ते दुसऱ्या देशातील मालकाचे. हा प्रकार सर्वस्वी अपूर्व आहे असे सामान्यतः समजले जाते. यंत्र नवे आहे, यात शंका नाही. परंतु ‘काम नेमके कोठे घडते?’ हा जो प्रश्न त्यातून कायद्यापुढे उभा राहिला आहे, तो जुना आहे, आणि कोकणपट्टीच्या लोकांपुढे तो गेल्या दोन शतकांत निरनिराळ्या वेषांत येऊन गेलेला आहे. प्रत्येक वेळी त्याचे उत्तर देताना राज्यकर्त्यांनी कामाचे स्वरूप पाहिले नाही. आपला हितसंबंध पाहिला.

याचा पहिला ठळक दाखला खलाशांचा. रत्नागिरी व कुलाबा किनाऱ्यावरील मुसलमान दर्यावर्दी पी. अँड ओ. सारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर मोठ्या संख्येने काम करीत. खलाशी मुंबईत करारावर अंगठा उठवी, जहाज लंडनला जाई, तेथे गोदीत काही आठवडे राही. या काळात त्याचे काम कोठे चालले होते? प्रत्यक्ष पाहता इंग्लंडच्या धक्क्यावर. परंतु कायद्याच्या दृष्टीने तो मुंबईतील करारानेच बांधलेला होता. त्याचा पगार मुंबईच्या दराने, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या अंशानेच, ठरलेला असे. १८२३ च्या ब्रिटिश कायद्याने अशा खलाशांना परत हिंदुस्थानात पोहोचविण्याची जबाबदारी जहाजमालकांवर टाकली. वरवर पाहता ही तरतूद त्यांच्या संरक्षणाची वाटते. तिचा दुसरा अर्थ असा की, त्यांनी इंग्लंडच्या भूमीवर उतरून तेथील दराने नोकरी धरू नये. काम जेथे करार झाला तेथेच घडते, ही कल्पित गोष्ट कायद्याने सत्य मानली, कारण ती कंपन्यांच्या सोयीची होती.

१९२५ मध्ये हीच गोष्ट उलट्या बाजूने घडली. त्या वर्षी ब्रिटनमध्ये निघालेल्या हुकुमाने ‘वर्णीय परकीय’ खलाशांवर नोंदणीची सक्ती करण्यात आली. हिंदी खलाशी हा कायद्याने ब्रिटिश प्रजाजन होता, परकीय नव्हे. परंतु आपण प्रजाजन आहोत हे सिद्ध करणारा कागद त्याच्यापाशी बहुधा नसे, आणि कागद नाही म्हणून पोलीस त्याची नोंद परकीय म्हणून करीत. बादशहाची प्रजा असणे आणि तसा कागद जवळ असणे यांतील अंतर खलाशांना त्या दिवसांत प्रथमच इतक्या स्पष्टपणे कळले असेल. हा हुकूम १९४२ मध्ये रद्द झाला.

हा कागद, म्हणजे पारपत्र, सर्वसामान्य हिंदी माणसाच्या आयुष्यात आला तो पहिल्या महायुद्धाबरोबर. भारत संरक्षण कायद्याखाली युद्धकाळात पारपत्राचे नियम करण्यात आले, आणि युद्ध संपल्यावर ते मागे घेण्याऐवजी १९२० च्या कायद्याने हिंदुस्थानात प्रवेश करणाऱ्यावर पारपत्राची अट घालण्याचा अधिकार सरकारने कायमचा आपल्या हाती घेतला. युद्धासाठी आलेली ही तात्पुरती सोय पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. २०२५ चा इमिग्रेशन व परकीय नागरिक कायदा १ सप्टेंबर २०२५ रोजी अमलात आला तेव्हा कोठे १९२० चा कायदा निकालात निघाला.

पारपत्राचा कायदा प्रवेशाकडे पाहतो. १९२२ चा देशांतर-कायदा पाहत होता निर्गमनाकडे. गिरमिटाची प्रथा बंद पडल्यानंतर झालेला हा कायदा. त्याच्या व्याख्येनुसार, मजुरीने काम करण्याच्या कराराखाली समुद्रमार्गे ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर जाणारा तो देशांतर करणारा. अभ्यासकांनी येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. ‘कुशल काम’ या सदरात कायद्याने कारागिरांच्या जोडीला कारकून, दुकानातील मदतनीस, उपाहारगृहातील नोकर आणि घरगुती नोकर यांनाही घातले होते. म्हणजे लेखणी चालविणारा मनुष्यही करारावर परदेशी निघाला की देखरेखीच्या कक्षेत येई. मात्र ही देखरेख लागू होण्यास दोन गोष्टी लागत : करार, आणि ‘बाहेर’. बाहेर म्हणजे काय, हे नकाशा ठरवीत असे.

आता एडनकडे वळू. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने घेतलेले एडन दीर्घकाळ मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होते. सिंध जिंकल्यानंतर कराचीही १८४७ पासून मुंबई इलाख्यातच होती. लष्कर, रेल्वे, टपाल, कस्टम, सार्वजनिक बांधकाम अशा खात्यांत शिरलेल्या कुलाबा जिल्ह्यातील कुटुंबांना, विशेषतः तेल गाळण्याचा परंपरागत धंदा सोडून इंग्रजी शिकलेल्या बेने इस्राएल कुटुंबांना, ही दोन्ही ठिकाणे परदेश नव्हती. बदलीची गावे होती. कराचीत १८९३ मध्ये मागेन शालोम हे सिनेगॉग बांधविणारे सॉलोमन डेव्हिड हे तेथील नगरपालिकेत सर्व्हेअर होते, आणि त्यांचा समाज घरात मराठी बोलणारा होता. बदलीवर गेलेल्या माणसाने निवृत्तीनंतर गावी परतावे, लग्नकार्य गावाकडे करावे, पैसे टपालाने पाठवावे, हा सारा व्यवहार एकाच राज्यव्यवस्थेच्या पोटात चाले. काम एडनला, घर कुलाब्यात. मधला समुद्र कायद्याला दिसत नसे.

१ एप्रिल १९३६ रोजी सिंध हा वेगळा प्रांत झाला. १९३२ मध्येच मुंबई सरकारच्या हातून काढून घेतलेले एडन १ एप्रिल १९३७ रोजी हिंदुस्थानापासून तोडून स्वतंत्र वसाहत करण्यात आले. त्याच दिवशी ब्रह्मदेशही वेगळा झाला. एडनमधील हिंदी कारकून ३१ मार्चच्या रात्री झोपला तो ब्रिटिश हिंदुस्थानात, आणि उठला तो परदेशात. नोकरी तीच, बिऱ्हाड तेच. पगारही रुपयांतच, कारण एडनमध्ये रुपयाचे चलन १९५१ पर्यंत चालू होते. माणूस हलला नव्हता. रेषा हलली होती. स्थलांतराच्या इतिहासात आपण माणसांच्या हालचालींची मोजदाद करतो. रेषांच्या हालचालींनी जे स्थलांतरित ठरले त्यांची वेगळी मोजदाद अद्याप व्हावयाची आहे, आणि मला वाटते, मुंबई इलाख्याच्या इतिहासात हा दुसरा वर्ग मुळीच लहान नाही.

कराचीच्या बाबतीत हीच रेषा अधिक कठोर झाली. फाळणीनंतर जवळजवळ वर्षभर भारत-पाकिस्तान सीमेवर ये-जा बरीचशी मोकळी होती. १९ जुलै १९४८ रोजी भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना-पद्धती सुरू केली. त्याच वर्षी पाकिस्ताननेही तसेच केले. १५ ऑक्टोबर १९५२ पासून परवान्याची जागा पारपत्र व व्हिसा यांनी घेतली. या चार वर्षांतील परवान्यांचे प्रकार आपल्या विषयाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहेत. तात्पुरत्या भेटीचा परवाना, कायम वस्तीसाठीचा, कायम परतण्याचा, नुसत्या वाटेतून जाण्याचा, आणि ज्यांचा उद्योग सीमेच्या दोन्ही बाजूंस आहे अशांसाठी वारंवार प्रवासाचा परवाना. या शेवटच्या प्रकाराचा आशय पाहावा. राज्याने येथे, कदाचित प्रथमच, लेखी मान्य केले की एखाद्या माणसाचे काम व घर यांच्या मधून आंतरराष्ट्रीय सीमा जाऊ शकते, आणि त्यात संशय घेण्यासारखे काही नाही.

परंतु या पद्धतीची दुसरी बाजूही आहे, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. परवान्याचा प्रकार हा केवळ प्रवासाच्या सोयीचा प्रश्न राहिला नाही. संविधानाच्या सातव्या अनुच्छेदाने असे ठरविले की, १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानच्या प्रदेशात स्थलांतर केलेली व्यक्ती भारताची नागरिक समजली जाणार नाही. अपवाद फक्त पुनर्वसनाच्या किंवा कायम परतण्याच्या परवान्यावर आलेल्यांचा. म्हणजे कार्यालयाच्या खिडकीशी जो कागद लवकर मिळतो म्हणून घेतला, तो तात्पुरता परवाना, पुढे नागरिकत्वाच्या प्रश्नात विरुद्ध पुरावा होऊन उभा राही. आईच्या आजारपणासाठी आलेला मुलगा आणि घर पाहून परतणारा व्यापारी यांच्या मनात काय होते, हे कागद सांगत नव्हता. पण न्यायालयापुढे कागदच बोलत होता. अर्ज भरताना ‘तात्पुरते’ या रकान्यात केलेली खूण किती दूरवर जाते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल.

येथे ओघाने एक गोष्ट नोंदवावी. कुलाब्याच्या ज्या समाजाचा वर उल्लेख केला, त्यातील बहुसंख्य कुटुंबे १९४८ नंतर हळूहळू इस्राएलला गेली. १९५० च्या तेथील परतीच्या कायद्याने दार उघडले ते कामाकडे पाहून नव्हे, वंशाकडे पाहून. त्यामुळे बंदरावर अडचण आली नाही; ती आली पुढे, विवाहनोंदणीच्या वेळी. मुख्य रब्बींच्या १९६२ च्या निर्देशांनी बेने इस्राएलांच्या वंशशुद्धीची चौकशी सुरू केली, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत समान मानण्याची भूमिका घेईपर्यंत तो झगडा चालला. प्रवेशाचा नियम ज्या निकषावर दार उघडतो, त्याच निकषावर तो पुढे हिशेब मागतो, असे यावरून दिसते. असो.

स्वतंत्र भारतात पारपत्र ही सरकारची कृपा की नागरिकाचा हक्क, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात हक्काच्या बाजूने सोडविला, आणि त्याच वर्षी पारपत्र कायदा झाला. १९२२ च्या देशांतर-कायद्याची जागा १९८३ मध्ये नव्या कायद्याने घेतली. आखाती देशांतील नोकऱ्यांची लाट तेव्हा जोरात होती, आणि दलालांकडून होणारी मजुरांची लुबाडणूक हा कायदेमंडळापुढील मुख्य प्रश्न होता. त्यामुळे व्याख्या अशी झाली : भारताबाहेरील कोणत्याही देशात वा ठिकाणी नोकरी धरण्याच्या हेतूने भारतातून प्रस्थान करणे, म्हणजे देशांतर. १९२२ मध्ये लागणारी कराराची अट गेली. राहिला तो हेतू, आणि नोकरीचे परदेशातील स्थान.

या व्याख्येत आजचा दूरस्थ कामगार बसवून पाहावा. पनवेल परिसरातील एखादा तरुण पुण्याच्या कंपनीत संगणकाचे काम करतो. तेच काम त्याने एक वर्ष लिस्बनमध्ये बसून करावयाचे ठरविले, तर तो परदेशी नोकरी धरण्यास निघालेला नाही; त्याची नोकरी पुण्यातच आहे. १९८३ च्या व्याख्येत तो देशांतर करणारा ठरत नाही, तो केवळ प्रवासी. दहावी उत्तीर्ण माणसाला देशांतराच्या परवानगीतून अशीही सूट मिळत आली असल्याने व्यवहारात त्याला हा फरक जाणवणार नाही. परंतु तत्त्वतः फरक मोठा आहे : ज्या कायद्याने बाहेर राबणाऱ्या माणसाच्या मागे सरकार उभे करावयाचे, त्या कायद्याला हा माणूस दिसतच नाही.

तो ज्या देशात उतरतो त्या देशाचे नियम काय म्हणतात? बार्बाडोसने जुलै २०२० मध्ये बारा महिन्यांच्या वास्तव्याची योजना काढली. अट होती वर्षाला ५०,००० अमेरिकन डॉलर प्राप्तीची. एस्टोनियाची योजना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आली. पोर्तुगालने २०२२ मध्ये तेथील किमान वेतनाच्या चौपट प्राप्तीची अट ठेवली. स्पेनने २०२२ च्या अखेरीस केलेल्या कायद्यात किमान वेतनाच्या दुपटीची. जपानने ३१ मार्च २०२४ पासून सहा महिन्यांचा प्रवेश देऊ केला, तो वर्षाला एक कोटी येन मिळविणाऱ्यास, आणि मुदत तेथल्या तेथे वाढविण्याची सोय न ठेवता. थायलंडने जुलै २०२४ मध्ये पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवसांचा व्हिसा सुरू केला आणि त्यासाठी पाच लाख बाट शिल्लक दाखविण्यास सांगितले. न्यूझीलंडने तर निराळा प्रवर्ग न करता २७ जानेवारी २०२५ पासून साध्या पाहुण्याच्या व्हिसावरच परदेशी मालकाचे काम करण्यास मुभा दिली.

या सर्व योजनांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे : काम तेथेच घडते जेथे पगार देणारा आहे. स्थानिक मालकाकडे काम करता येणार नाही, ही अट त्यातूनच निघते. स्पेनने स्वतंत्र व्यावसायिकाला तेथील ग्राहकांकडून मिळणारे उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या वीस टक्क्यांपर्यंत चालेल असे म्हटले. हे प्रमाण मोजणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे कामाचे दोन वेगळे भूगोल असले पाहिजेत. खलाशाच्या करारातील जुनी कल्पितकथा, काम कराराच्या ठिकाणी घडते ही, येथे पुन्हा उपयोगात आलेली दिसते. फरक एवढाच की, तेव्हा तिचा लाभ जहाजकंपनीला होता. आता तो यजमान राष्ट्राला आहे, ज्याला भाडे, भोजन व बाजारहाट यांतून पैसा हवा आहे, पण स्थानिक नोकऱ्यांत वाटेकरी नको आहे.

मात्र करखात्याचे मत याच्या नेमके उलट आहे. राष्ट्राराष्ट्रांतील करारांचा पाया असलेल्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या १९६३ च्या आदर्श मसुद्यात, पगारावर कर आकारण्याचा अधिकार जेथे नोकरीचे काम प्रत्यक्ष केले जाते त्या देशाला दिला होता. परदेशी मालकाच्या नोकराला १८३ दिवसांपर्यंतची सवलत हा त्याला अपवाद. म्हणजे कर-कायद्याच्या दृष्टीने काम तेथेच घडते जेथे शरीर आहे. सकाळी दहा वाजता एका टेबलाशी बसलेला तोच माणूस, त्याच देशाच्या प्रवेश-खात्याच्या मते तेथे काम करीत नाही आणि कर-खात्याच्या मते करीत आहे. १८३ हा आकडा या दोन मतांमधील तडजोड आहे. काही राष्ट्रांनी करात सूट देऊन ही विसंगती झाकली. दूर केली नाही.

माझ्या मते या विसंगतीचे खरे ओझे माणसावर पडते ते करापेक्षा संरक्षणाच्या बाबतीत. यजमान देशाचा मजूर-कायदा बहुधा तेथील मालकावर चालतो, आणि मालक तेथे नाही. मायदेशाचा देशांतर-कायदा त्याला ओळखत नाही. वारंवार प्रवासाच्या परवान्यावरील व्यापाऱ्याचा निदान एक पाय कोठेतरी निश्चित होता. स्पेन व पोर्तुगाल येथील वास्तव्य पुढे कायम वास्तव्याच्या हिशेबात धरले जाऊ शकते, हे मान्य करावयास हवे. परंतु जपान किंवा बार्बाडोस यांच्या योजनांत कितीही काळ राहिले तरी माणूस पाहुणाच राहतो, आणि १९४८ च्या तात्पुरत्या परवान्याची आठवण होते.

शिवाय हे दार सर्वांना सारखे उघडे नाही. जपानने ही योजना ज्या राष्ट्रांच्या नागरिकांना व्हिसाची माफी आहे आणि ज्यांच्याशी कर-करार आहे अशांपुरती ठेवली. भारताशी कर-करार आहे. व्हिसाची माफी नाही. म्हणून भारतीय अर्जदाराची प्राप्ती एक कोटी येनहून अधिक असली तरी तो अपात्र. उत्पन्नाची अट ही नव्या योजनांतील वरवरची कसोटी आहे; तिच्याखाली पारपत्राच्या प्रतवारीची जुनी कसोटी तशीच आहे. भारताचीही बाजू पाहिली पाहिजे. येथे येणाऱ्या परकीय नोकरदाराला एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी, काही अपवाद सोडता, वर्षाला सोळा लाख पंचवीस हजार रुपयांहून अधिक पगार आणि येथील मालकाचे पाठबळ लागत आले आहे. गोव्यात बसून परदेशी मालकाचे काम करणाऱ्यासाठी २०२५ पर्यंत आपण वेगळा प्रवर्ग केला नव्हता.

ज्यांच्या कामाला भूमीच नाही अशा एका वर्गाने मात्र आपला स्वतंत्र कागद मिळविला आहे, तो खलाशांचा. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९५८ च्या व नंतर २००३ च्या करारनाम्यांनी दर्यावर्दीच्या ओळखपत्राला मान्यता दिली. तात्पुरते किनाऱ्यावर उतरण्यासाठी त्याच्याकडे व्हिसा मागू नये, हे तत्त्व मान्य झाले. भारताने २००३ चा करारनामा २०१५ मध्ये स्वीकारला. यामागे खलाशांच्या संघटनांची अनेक दशकांची खटपट आहे. आपापल्या खोलीत बसून काम करणाऱ्या दूरस्थ कामगाराला अशी संघटना नाही, आणि त्याच्या वतीने बोलणारे, आतापर्यंत तरी, पर्यटनखात्यांचेच लोक आहेत.

आपटा आज बाहेरच्या लोकांस ठाऊक आहे ते त्याच्या रेल्वे स्थानकामुळे. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटाचा शेवट तेथे चित्रित झाला. लंडनमध्ये वाढलेल्या तरुणतरुणींच्या त्या कथेत आपटा हे पंजाबातील स्थानक म्हणून उभे आहे, आणि धावत्या गाडीत चढणाऱ्या नायिकेच्या कागदपत्रांची चौकशी अर्थातच कोणी करीत नाही. त्याच पनवेल तालुक्यात नवी मुंबईचा विमानतळ ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटित झाला. पाताळगंगेच्या भरती-ओहोटीवर चालणाऱ्या जुन्या जलवाहतुकीपासून या धावपट्टीपर्यंतचा प्रवास पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला जुन्या काळासाठी साधने मुबलक आहेत : मुंबईच्या अभिलेखागारातील इलाख्याची दप्तरे, खलाशांचे करारनामे, सिनेगॉगांच्या जन्म-विवाहाच्या नोंदवह्या. १९४८ च्या परवान्यासाठी केलेल्या अर्जांत माणसाने आपल्या हेतूविषयी लिहिलेले वाक्यही सापडू शकते. लिस्बनच्या वर्षभराच्या वास्तव्यासाठी पनवेलहून केलेला अर्ज मात्र परकीय सरकारच्या संगणकात जातो, आणि मुदत संपल्यावर त्याचे काय करावयाचे हे तेच सरकार ठरविते. आपल्याकडील कोणत्याही दप्तरात त्या वर्षाची नोंद उरते ती एवढीच, की एक प्रवासी गेला आणि परत आला.